आणलेला राजा: ॲझ्टेकांचं राजघराणं कसं उभं राहिलं

ॲझ्टेक म्हटलं की आपल्याला त्यांच्या गोष्टीचा शेवटचा अंक आठवतो. मोक्तेसुमा राजा, स्पेनहून आलेला कोर्तेस, सोनं, नरबळी आणि बेचिराख झालेलं शहर. १५१९ साली स्पॅनिश लोक येऊन थडकले तेव्हा तेनोच्तित्लानच्या गादीवर बसलेला मोक्तेसुमा हा नववा राजा होता. त्याच्या आधीचे आठ सहसा कुणाला माहीत नसतात. त्यातल्या पहिल्या चौघांची हकिगत मला सगळ्यात रंजक वाटते, कारण तिच्यात लढायांपेक्षा लग्नं जास्त आहेत. कुणाची लेक कुणाच्या घरात दिली, कुठल्या राजाचं आजोळ कुठलं, यावर एका मासेमार वस्तीचं राजधानीत रूपांतर होणार की नाही हे ठरत गेलं. सोयरिकीचं राजकारण आपल्याला नवं नाही, त्यामुळे ही गोष्ट मराठी वाचकाला तशी लवकर उमगते. अवघड आहेत ती फक्त नावं. ती नावात्ल भाषेतली आहेत आणि पहिल्या वाचनात जिभेवर बसत नाहीत. दोन-तीन परिच्छेदांनंतर बसतात.

एक खुलासा आधीच करून टाकू. हे लोक स्वतःला ‘ॲझ्टेक’ म्हणत नसत. ते नाव रूढ झालं एकोणिसाव्या शतकात. ते स्वतःला मेशिका म्हणत आणि मेक्सिको या देशाचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. पुढे मीही मेशिकाच म्हणेन.

उशिरा आलेले पाहुणे

आजची मेक्सिको सिटी जिथे आहे, तिथे पूर्वी एकमेकांना जोडलेली पाच तळी होती. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवरचं हे खोरं, चहूबाजूंनी डोंगर. तळ्यांच्या काठाने छोटी छोटी नगरराज्यं वसलेली. अशा प्रत्येक राज्याला ‘आल्तेपेत्ल’ म्हणत. आल्तेपेत्ल म्हणवून घ्यायचं तर जमीन हवी, देवळं हवीत आणि मुख्य म्हणजे स्वतःचा ‘त्लातोआनी’, म्हणजे राजा हवा. राजाही कुणीही चालत नसे. त्याच्या अंगात तोल्तेकांचं रक्त असावं लागे.

हे तोल्तेक कोण? खोऱ्याच्या उत्तरेला तोलान नावाचं मोठं शहर होतं आणि त्याची सत्ता बाराव्या शतकाच्या सुमारास कोसळली. शहर गेलं, पण त्याचा दबदबा गेला नाही. सुसंस्कृत म्हणजे तोल्तेक, कारागिरी म्हणजे तोल्तेकांची, कुलीन म्हणजे तोल्तेकांच्या वंशातला, असं समीकरण पुढची तीनशे वर्षं टिकलं. तळ्याच्या दक्षिण काठावरचं कुल्वाकान हे गाव आपण तोल्तेकांचे थेट वारस असल्याचं सांगे आणि बाकीचेही ते मान्य करत. कुल्वाकान लष्करीदृष्ट्या फार बलाढ्य नव्हतं, पण घराण्याच्या प्रतिष्ठेत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

या खोऱ्यात मेशिका आले ते सगळ्यात शेवटी, तेराव्या शतकात. उत्तरेकडच्या आस्त्लान नावाच्या ठिकाणाहून निघाल्याचं ते सांगत. सोबत त्यांचा देव, वित्सिलोपोच्त्ली. तोवर चांगल्या जमिनी वाटून झालेल्या होत्या. चापुल्तेपेकच्या टेकडीवर त्यांनी बस्तान बसवलं, पण आसपासच्यांनी एकत्र येऊन त्यांना तिथून हुसकलं. मग ते कुल्वाकानच्या राजापुढे पदर पसरून उभे राहिले. त्याने त्यांना तिसापान नावाची जागा दिली: लाव्हारसाचा खडकाळ माळ, सापांनी भरलेला. साप यांचा परस्पर निकाल लावतील, असा हिशोब असावा. काही दिवसांनी पाहणी करायला माणसं गेली, तर मेशिका ते साप भाजून खात होते.

हा किस्सा खरा घडला की नाही, ते सोडून द्या. मेशिकांनी तो पुढे शतकभर अभिमानाने सांगितला, हे महत्त्वाचं. आम्ही कुठून वर आलो ते बघा, हा त्यामागचा सूर. तसाच दुसरा किस्सा. शोचिमिल्कोविरुद्धच्या लढाईत ते कुल्वाकानच्या बाजूने भाडोत्री म्हणून लढले. परतले तेव्हा इतरांसारखे कैदी आणले नाहीत म्हणून दरबारात त्यांची टर उडवली गेली. त्यावर त्यांनी पिशव्या उपड्या केल्या. आत शत्रूंचे कापलेले कान होते.

तिसरा किस्सा मात्र अंगावर येतो. मेशिकांनी कुल्वाकानच्या राजाकडे त्याची मुलगी मागितली. आमच्या देवाची ती वधू होईल, तिला देवीचा मान मिळेल, असं सांगून. राजाने मुलगी दिली. तिला बळी देण्यात आलं आणि तिची कातडी एका पुजाऱ्याने अंगावर पांघरली. मग बापाला सोहळ्याचं आमंत्रण गेलं. अंधाऱ्या गाभाऱ्यात त्याने कोपालचा धूप पेटवला आणि त्या उजेडात लेकीची कातडी घातलेला माणूस पाहिला. त्यानंतर जी लढाई जुंपली, तिच्यातून जीव वाचवत मेशिका तळ्यातल्या बोरूच्या दलदलीत पळाले आणि तिथल्या एका बेटावर थांबले. निवडुंगावर बसलेला गरुड त्यांना दिसला तो इथेच, असं परंपरा सांगते. मेक्सिकोच्या झेंड्यावर आजही तो आहे. त्यांच्या कालगणनेत ते ‘दोन घर’ नावाचं वर्ष होतं, म्हणजे १३२५.

या गोष्टीतलं खरं किती आणि रचलेलं किती, हे वेगळं काढणं कठीण आहे. पण तिचं स्थान लक्षात ठेवा. कुल्वाकानची मुलगी मागणं, ही मेशिकांच्या इतिहासातली पहिली सोयरीक, आणि ती अशी भीषण. पन्नास वर्षांनी ते पुन्हा त्याच दारात जाणार होते.

बेटावर पन्नास वर्षं

बेट म्हणजे काय, तर चिखल आणि बोरू. बांधकामाला दगड नाही, लाकूड नाही. पूर्वेकडचं पाणी खारं. पण मासे होते, बेडूक होते, हिवाळ्यात येणारी बदकं होती. मेशिका हे सगळं काठावरच्या बाजारात नेऊन विकत आणि बदल्यात लाकूड, दगड घेऊन येत. उथळ पाण्यात गाळ आणि काटक्यांचे थर रचून केलेली शेतं, चिनाम्पा, हळूहळू वाढत गेली. ओझी वाहणारी जनावरं त्या भूमीत नव्हतीच. माल न्यायचा तर माणसाच्या पाठीवरून, नाहीतर होडीतून. होडीतून नेणं किती तरी पटींनी सोपं, त्यामुळे तळ्याच्या मध्यावरची ही टाकाऊ जागा प्रत्यक्षात व्यापाराला सोन्यासारखी निघाली. हे सुरुवातीला कुणाच्या ध्यानात आलेलं नसावं.

बेट तरी यांचं होतं का? नाही. ते पाणी पश्चिम काठावरच्या अस्कापोत्साल्कोच्या तेपानेक लोकांचं. त्यांना खंडणी देऊन, त्यांच्या लढायांत शिपाई पुरवून मेशिका तिथे राहत होते. आजच्या भाषेत पोटभाडेकरू. थोड्याच वर्षांत त्यांच्यातलाही एक गट फुटून शेजारी त्लातेलोल्को नावाची वेगळी वस्ती करून बसला. परंपरा त्याचं साल १३३७ देते.

या काळात मेशिकांना राजा नव्हता. ‘काल्पुल्ली’ नावाचे गट होते, आपापली वस्ती, आपला देव आणि आपला म्होरक्या असलेले. या म्होरक्यांमध्ये तेनोच हा पहिला मानला जाई. १५४० च्या दशकात स्पॅनिश व्हाइसरॉयच्या काळात तयार झालेली मेन्दोसा पोथी आज ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात आहे. तिच्या पहिल्याच चित्रात मधोमध गरुड आणि निवडुंग आहे, आणि भोवती बसलेले दहा पुढारी. त्यातलाच एक तेनोच. काळं रंगवलेलं अंग आणि तोंडापुढचं बोलण्याचं चिन्ह यांमुळे तो इतर नऊ जणांपेक्षा वेगळा दिसतो, पण राजाचा मुकुट त्याच्याही डोक्यावर नाही.

राजा आणायचा कुठून?

१३७० च्या दशकात तेनोच गेल्यावर प्रश्न उभा राहिला. राजा नाही तोवर आपण आल्तेपेत्ल नाही आणि आल्तेपेत्ल नाही तोवर बरोबरीचं कुणी मुलगी देणार नाही, तह करणार नाही. आपल्यातलाच एखादा म्होरक्या गादीवर बसवावा, तर त्याला कुलीन कोण म्हणणार? शिवाय बाकीचे म्होरके ते चालू देतील का?

शेजारच्या त्लातेलोल्कोने सरळ मार्ग धरला. मालकाकडेच राजा मागितला. अस्कापोत्साल्कोचा राजा तेसोसोमोक याचा एक मुलगा तिथे गादीवर बसला. संरक्षण पक्कं, पण कायमचं अंकित होणं आलं.

तेनोच्तित्लानने कुल्वाकानकडे तोंड वळवलं. ज्यांच्या राजकन्येची ती गोष्ट, त्यांच्याकडेच. एवढी वर्षं एकाच भूमीत राहताना मेशिका आणि कुल्वा यांच्यात लग्नं झालेली होती. त्यांतल्या एका लग्नाचा मुलगा म्हणजे आकामापिच्त्ली. बाप मेशिका, आई आतोतोस्त्ली ही कुल्वाकानची राजकन्या. मला हा निर्णय फार धूर्त वाटतो. मुलगा अर्धा आपला, म्हणजे परका म्हणून कुणी नाक मुरडणार नाही. आईकडून तोल्तेकांचं रक्त, म्हणजे खोऱ्यात मान. आणि कुल्वाकानची ताकद तोवर इतकी ओसरलेली होती की राजाचं आजोळ म्हणून ते मानेवर बसण्याचीही भीती नव्हती. प्रतिष्ठा घ्यायची, जाच मात्र नको.

१३७५-७६ च्या सुमारास आकामापिच्त्ली गादीवर आला. त्याच्यासोबत इलान्क्वेइत्ल नावाची कुल्वाकानचीच कुलीन स्त्री होती. ती त्याची कोण, यावर साधनं एकमेकांशी भांडतात. काहींत ती राणी आहे, काहींत मावशी किंवा पालक आई, जिने त्याला लहानपणी कुल्वाकानमधल्या सत्तापालटातून वाचवून बाहेर काढलं. या भांडणामागचं एक कारण शेवटी येईलच. ती राणी होती असं सांगणारी साधनं तिला मूल झालं नाही, असंही सांगतात.

मग वंश वाढला कसा? इथे म्होरक्यांनी आपला डाव टाकला. प्रत्येक काल्पुल्लीच्या म्होरक्याने आपली मुलगी राजाला दिली. अशा वीस बायका होत्या, असं एक परंपरा म्हणते. आकडा नेमका असो वा नसो, परिणाम दूरचा झाला. पुढच्या पिढीतला प्रत्येक राजपुत्र एकीकडून राजाचा मुलगा आणि दुसरीकडून एखाद्या वस्तीच्या म्होरक्याचा नातू. मेशिकांमधला सरदारवर्ग, ज्याला ते ‘पिपिल्तिन’ म्हणत, तो इथून जन्मला. एका पिढीआधी ज्यांच्यात कुणी उच्चकुलीन नव्हतं, त्यांच्यात आता एक अख्खा वर्ग तोल्तेकांचं रक्त सांगू लागला.

आकामापिच्त्लीच्या हाती सत्ता मात्र बेताचीच होती. अस्कापोत्साल्कोची खंडणी चालूच. तिच्याबद्दल एक झकास दंतकथा आहे. तेसोसोमोकने फर्मान काढलं की तरंगता वाफा आणा, त्यात मका, मिरची, घेवडा पिकलेला हवा. मेशिकांनी आणला. पुढच्या वर्षी म्हणाला, वाफ्यात अंड्यांवर बसलेलं बदक हवं, आणि वाफा माझ्या दारात पोचताच पिल्लं बाहेर पडायला हवीत. तेही देवाच्या कृपेने जमलं म्हणे. जुलमी मालकाच्या अशा अचाट मागण्या जगभरच्या लोककथांत सापडतात. पण इथे मागितलेली प्रत्येक वस्तू तळ्यातली आहे. मेशिकांकडे द्यायला दुसरं होतंच काय!

मेन्दोसा पोथी त्याच्या नावावर काही विजयही मांडते. शोचिमिल्को, मिस्किक वगैरे. ते बहुतेक तेसोसोमोकच्या फौजेत राहून मिळवलेले. मरताना त्याने वारस नेमला नाही. निवड म्होरक्यांवर सोपवली.

मोठ्या घरचा जावई

म्होरक्यांनी निवडला त्याचा मुलगा वित्सिलिवित्ल. साल साधारण १३९५. आणि लगेच त्याच्यासाठी मुलगी बघायला निघाले ते थेट तेसोसोमोककडे. खंडणी भरणाऱ्या बेटकऱ्यांनी मालकाची लेक मागायची, हे धाडसच. पण तेसोसोमोकही पोचलेला गडी होता. आपली मुलं आसपासच्या गाद्यांवर बसवायची, मुली आसपासच्या राजांना द्यायच्या आणि नात्यांच्या जाळ्यात खोरं बांधून ठेवायचं, ही त्याची रीतच होती. त्याने आयाउसिवात्ल नावाची मुलगी दिली.

तिला मुलगा झाला तेव्हा आजोबा विरघळले. लेकीने शब्द टाकला आणि खंडणी नावापुरती उरली: थोडे मासे, थोडे बेडूक, थोडी बदकं. एका बाळंतपणाने जे साधलं ते इतक्या वर्षांच्या चाकरीने साधलं नव्हतं.

वित्सिलिवित्लचं आणखी एक लग्न तितकंच मोलाचं. डोंगरापलीकडे दक्षिणेला क्वाउनावाक, म्हणजे आजचं क्वेर्नावाका. तिथली हवा उबदार, त्यामुळे कापूस पिके. खोऱ्यात थंडीमुळे कापूस होत नसे. मेशिका घायपाताच्या धाग्याचं खरखरीत कापड घालत. क्वाउनावाकच्या राजकन्येशी, मियावाशिवित्लशी, सोयरीक जुळली आणि बेटावर कापूस येऊ लागला.

या लग्नाची दंतकथा अशी. मुलीच्या बापाने मागणी झिडकारली: माझी लेक तळ्यातल्या शेवाळात राहणार काय? तेव्हा वित्सिलिवित्लने एक रंगवलेला बाण तिच्या अंगणात सोडला. त्याच्या टोकात हिरवा मौल्यवान खडा दडवलेला होता. तिने तो सहज तोंडात घातला, गिळला आणि तिला दिवस गेले. जन्मलेला मुलगा मोक्तेसुमा इल्वीकामिना, म्हणजे पहिला मोक्तेसुमा. इल्वीकामिना या उपनावात आकाशाकडे बाण सोडणारा असा अर्थ आहे. नावातला बाण आधी आला की गोष्टीतला, याचा तर्क ज्याने त्याने करावा.

याच सुमारास मेशिका तेसोसोमोकच्या वतीने पूर्व काठावरच्या तेश्कोकोविरुद्ध लढत होते. १४१८ मध्ये तेश्कोकोचा राजा मारला गेला. त्याचा सोळा वर्षांचा मुलगा झाडावर लपून ते पाहत होता. त्याचं नाव नेसावाल्कोयोत्ल. त्याची आई मात्र मेशिका राजघराण्यातली! म्हणजे मेशिका आपल्याच भाच्याच्या घरादाराचा विध्वंस करत होते. सोयरिकी सगळ्याच दिशांना पसरल्या की असं होतं.

तेसोसोमोकचा नातू चिमाल्पोपोका हा १४१७ च्या सुमारास तेनोच्तित्लानच्या गादीवर आला तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा असावा. आजोबांचा लाडका. बेटावर गोड्या पाण्याची टंचाई, म्हणून मेशिकांनी चापुल्तेपेकच्या झऱ्यांचं पाणी मागितलं. आजोबांनी दिलं. नळवाहिनी कच्च्या मातीची होती, फुटत राहायची. तेव्हा मेशिकांनी लाकूड, दगड, चुना आणि बांधायला मजूरही मागितले. इथे अस्कापोत्साल्कोच्या सरदारांचं डोकं फिरलं. नातवाला पाणी दिलं ते ठीक, पण आता आम्ही यांच्या घरी बिगारी करायची? त्यांच्या रागात तथ्य होतं. नात्याच्या जोरावर अंकिताने मालकाकडून काम करून घ्यायचं ठरवलं होतं.

१४२६ मध्ये तेसोसोमोक अतिशय वृद्ध होऊन मेला. गादी ज्या मुलासाठी ठेवली होती, त्याला दूर सारून दुसऱ्या मुलाने, माश्त्लाने, ती बळकावली. चिमाल्पोपोका या भांडणात हरणाऱ्या मामाच्या बाजूला उभा राहिला. वर्षभरात तो मेला. माश्त्लाच्या माणसांनी त्याला मारलं, असं काही साधनं म्हणतात. पिंजऱ्यात कोंडल्यावर त्याने स्वतःच गळफास घेतला, असं दुसरी म्हणतात. काही अभ्यासकांचा संशय वेगळाच आहे: त्याचा काटा तेनोच्तित्लानमधल्याच, अस्कापोत्साल्कोशी असलेलं नातं नकोशा झालेल्या गटाने काढला असावा. पुरावा पक्का नाही, पण फायदा कुणाचा झाला हे पाहिलं तर संशय अगदीच निराधार वाटत नाही.

ज्याला आजोळच नव्हतं

फायदा झाला इत्स्कोआत्लचा. आकामापिच्त्लीचाच हा मुलगा, म्हणजे चिमाल्पोपोकाचा काका. पण याची आई राजकन्या नव्हती, म्होरक्याची मुलगीही नव्हती. ती दासी होती. अस्कापोत्साल्कोकडची, भाजी विकणारी, असंही एक साधन सांगतं. एरवी असा मुलगा गादीच्या आसपासही फिरकला नसता. पण १४२७ मध्ये वेळ वेगळी होती. आजवर राजा निवडताना त्याच्या आजोळचं वजन पाहिलं जाई, आणि नेमकं तेच आजोळ आता शत्रू झालं होतं. इत्स्कोआत्लला अस्कापोत्साल्कोच्या राजवाड्यात ना आजोबा, ना मामा. चाळिशी ओलांडलेला, कसलेला सेनापती. त्याचे हात कुठल्याही नात्याने बांधलेले नव्हते.

पुढचं वेगाने घडलं. वनवासात भटकणारा नेसावाल्कोयोत्ल मित्रांची फौज घेऊन परतला. मेशिकांनी जुनं वैर बाजूला ठेवलं. शेवटी आजोळ त्याचंच. तेपानेकांमधलंच एक गाव, त्लाकोपान, माश्त्लाच्या बाजूने लढलं नाही. १४२८ मध्ये अस्कापोत्साल्को पडलं. माश्त्ला बाष्पस्नानाच्या खोलीत लपलेला सापडला आणि मारला गेला, असं एक परंपरा सांगते. मग तेनोच्तित्लान, तेश्कोको आणि त्लाकोपान यांची युती झाली. आपण ज्याला ॲझ्टेक साम्राज्य म्हणतो ते हेच. खंडणीचे पाच वाटे: दोन तेनोच्तित्लानला, दोन तेश्कोकोला, एक त्लाकोपानला.

लढाईआधीचा एक करार इतिवृत्तांत येतो. सामान्य लोक घाबरले होते, तह करा म्हणत होते. सरदार म्हणाले, हरलो तर आम्हाला तुकडे करून खा. लोक म्हणाले, जिंकलात तर आम्ही तुमची सेवा करू, खंडणी भरू, तुमची घरं बांधू. मग सरदार जिंकले. हा संवाद शब्दशः झाला असेल असं मला वाटत नाही. सरदारांनी आपल्या हक्काचं समर्थन म्हणून तो नंतर रचला असणं जास्त संभवतं. पण जे बदललं ते खरं आहे. जिंकलेल्या जमिनींची वाटणी झाली. राजाला मोठा वाटा, सरदारांना आणि पराक्रमी योद्ध्यांना वाटे, काल्पुल्लींना देवळांच्या खर्चापुरती थोडी जमीन. आकामापिच्त्लीच्या काळी राजा म्होरक्यांच्या मर्जीवर होता. आता राजघराण्याकडे काठावरच्या शेतीचं स्वतंत्र उत्पन्न आलं आणि ती मर्जी संपली. राजा निवडण्याचा अधिकारही राजाच्या जवळच्या भाऊबंदांतल्या चार बड्या अधिकाऱ्यांभोवती आवळत गेला.

आणि मग इत्स्कोआत्लने जुन्या पोथ्या जाळल्या. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन साधू साआगुन याने मेशिका वडीलधाऱ्यांकडून जी माहिती लिहून घेतली, तिच्यात हे स्पष्ट आहे: लिखाणात खोटं फार आहे, सगळ्यांनी ते जाणण्याची गरज नाही, असं राजा आणि सरदारांनी मिळून ठरवलं. म्हणजे या लेखात आतापर्यंत सांगितलेलं जवळजवळ सगळं, साप, कान, राजकन्या, गरुड, त्या आगीनंतर नव्याने लिहिलेल्या इतिहासातून आलेलं आहे. दासीपुत्र राजाला आणि त्याच्या सरदारांना जसं हवं होतं तसं.

मातीखालचा पुरावा मात्र जाळता येत नाही. १९७८ मध्ये मेक्सिको सिटीत वीज कंपनीच्या कामगारांना खोदताना एक प्रचंड कोरीव शिळा लागली आणि त्यातून मुख्य मंदिराचं उत्खनन सुरू झालं. मेशिका जुनं मंदिर पाडत नसत, त्याच्यावरच नवं चढवत. त्यामुळे थराखाली थर सापडत गेले. माथ्यासकट शाबूत उरलेला सगळ्यात जुना टप्पा साधारण १३९० चा, म्हणजे आकामापिच्त्ली किंवा वित्सिलिवित्लच्या काळातला. नंतरच्या टप्प्यांपुढे तो ठेंगणा आहे. पण वर दोन गाभारे आहेत, एक पर्जन्यदेव त्लालोकचा आणि एक वित्सिलोपोच्त्लीचा, अगदी शेवटच्या भव्य मंदिरात होते तसेच. इत्स्कोआत्लच्या काळातल्या टप्प्यावर १४३१ शी जुळणारं वर्षचिन्ह आहे. अस्कापोत्साल्को पडून तीन वर्षं झाली होती आणि मंदिर एकदम मोठं झालं होतं.

दोन शाखांची गाठ

इत्स्कोआत्ल १४४० मध्ये गेला आणि बाणाच्या दंतकथेतला मोक्तेसुमा गादीवर आला. त्याची २९ वर्षांची कारकीर्द हा स्वतंत्र विषय आहे. १४५० नंतरचा भयंकर दुष्काळ, तळ्यातला प्रचंड बांध, कुणी सुती कपडे घालावेत आणि कुणी नाही याचे कायदे, सगळं त्यात येतं. त्याचा सावत्र भाऊ त्लाकाएलेल काही इतिवृत्तांत राज्याचा खरा सूत्रधार आहे, तर काहींत त्याला जेमतेम जागा मिळते. इथे आपल्याला हवी आहे ती मोक्तेसुमाची मुलगी.

गादीचे आता दोन दावेदार झाले होते: वित्सिलिवित्लची शाखा आणि इत्स्कोआत्लची शाखा. उपाय नेहमीचाच. मोक्तेसुमाची मुलगी इत्स्कोआत्लच्या मुलाला दिली. या जावयाचं नाव तेसोसोमोक, हो, जुन्या मालकाचंच! तो स्वतः कधीच राजा झाला नाही. पण या जोडप्याचे तिन्ही मुलगे राजे झाले: आशायाकात्ल, तिसोक आणि आवित्सोत्ल. १४६९ ते १५०२ पर्यंत गादी भावाकडून भावाकडे फिरली. काही साधनं तर म्हणतात की मोक्तेसुमानंतर काही काळ ही मुलगीच राज्य करत होती. तिचं नाव आतोतोस्त्ली, पहिल्या राजाच्या आईचंच. घराणं सुरू झालं तेही आतोतोस्त्लीपासून आणि जोडलं गेलं तेही आतोतोस्त्लीपाशी. खरोखरच तसं घडलं, की वंशावळ रचणाऱ्यांना ही जुळणी हवी होती, यावर अभ्यासकांचे वाद आहेत.

आशायाकात्लचा मुलगा म्हणजे दुसरा मोक्तेसुमा, कोर्तेसच्या वेळचा. त्याची मुलगी तेक्विच्पोच हिचं लग्न पाठोपाठच्या दोन राजांशी झालं. त्यातला क्वित्लावाक १५२० मध्ये देवीच्या साथीत गेला, क्वाउतेमोकला १५२५ मध्ये कोर्तेसने फासावर दिलं. बाप्तिस्म्यानंतर तिचं नाव इसाबेल झालं. १५२६ मध्ये कोर्तेसने तिला त्लाकोपानचा मुलूख तोडून दिला आणि तिची लग्नं एकामागून एक स्पॅनिश माणसांशी लागली. शेवटचा नवरा हुआन कानो. बायकोला मिळालं ते तिच्या हक्काच्या मानाने फारच कमी आहे, हे स्पेनच्या राजाला पटवण्यासाठी त्याने १५३० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्सिस्कन साधूंकडून तिची वंशावळ लिहून घेतली: इसाबेलपासून मागे मोक्तेसुमा, आकामापिच्त्ली, त्याला वाचवून आणणारी इलान्क्वेइत्ल, कुल्वाकान आणि तिथून थेट तोल्तेक. इलान्क्वेइत्लबद्दलची आपली सगळ्यात जुनी लिखित माहिती या जमिनीच्या दाव्याच्या कागदांतून आलेली आहे. मोक्तेसुमाच्या वंशजांना त्यानंतर शतकानुशतकं तनखा मिळत राहिला. स्पेनचं राज्य गेल्यावर मेक्सिकोच्या सरकारनेही तो चालू ठेवला आणि १९३० च्या दशकात बंद केला.